डब्यावरचे पंधरा

बाबली परब चौतीस वर्षं हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई होता आणि या चौतीस वर्षांत एकाही माणसाने त्याला प्रयोगशाळेबद्दल काही विचारलं नाही. पाणी विचारलं, घंटेची वेळ विचारली, पाहुण्यांच्या चहात साखर किती घातलीस तेही विचारलं. सरकारी कागदावर त्याच्या जागेचं नाव 'प्रयोगशाळा परिचर' असं भारदस्त होतं, पण ते नाव कागदावरच राहिलं. बाकी सगळ्यांसाठी तो 'बाबली, जरा इकडे ये' एवढाच होता.

मसुऱ्याहून मालवणकडे येताना खाडीच्या अंगाला हे गाव लागतं. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी गावं त्या पट्ट्यात पाच-सहा तरी असतील आणि प्रत्येकाला ही गोष्ट शेजारच्या गावातली वाटेल. शाळा कौलारू, प्रयोगशाळा टोकाची खोली, तिची खिडकी दक्षिणेला, आणि खिडकीसमोर शाळेच्या आवाराबाहेर एकटा उभा असलेला माड. बाबलीची सगळी पदार्थविज्ञानाची विद्या त्या माडाच्या भरवशावर चालायची.

तो स्वतः दहावीच्या पुढे गेला नव्हता. पण अंतर्गोल आरसा स्टँडमध्ये बसवून, खिडकीकडे तोंड करून, समोर पांढरा पुठ्ठा धरून तो हलके हलके मागे-पुढे करायला लागला, की नववीचा गोंगाट करणारा वर्ग गप्प बसायचा. पुठ्ठ्यावर आधी नुसता धुरकट हिरवा डाग यायचा, मग एका जागी तो अचानक आवळून यायचा आणि तिथे माड दिसायचा. बोटभर उंचीचा, शेंडा खाली, बुंधा वर, आणि बाहेर वारा असेल तर झावळ्यासुद्धा हलणाऱ्या. मुलं खिडकीबाहेर बघायची, पुठ्ठ्याकडे बघायची, परत बाहेर बघायची.

"हो खरो माड," बाबली सांगायचा. "कागदार उतारलो म्हणजे खरो. उलटो आसलो तरी खरो. आता आरशाच्या एकदम जवळ नाक नी. भोपळ्याएवढा दिसता मा? सुलटा दिसता मा? पन ता कागदार धरूक गावाचा नाय. ता निस्ता दिसता."

मग तो पोरांना एकेक पाऊल मागे सरकायला लावायचा. भोपळ्याएवढं नाक आणखी फुगायचं, मध्ये एका ठिकाणी चेहरा असा पसरायचा की डोळा कुठला आणि कान कुठला कळायचं नाही, आणि त्याच्या मागे गेलं की स्वतःचंच तोंड खाली डोकं वर पाय असं समोर यायचं. मुली किंचाळून हसायच्या. आरसा आणि पुठ्ठा यांच्यामधलं अंतर पट्टीने मोजायचं, तेच नाभीय अंतर. लांबच्या वस्तूचे किरण जवळजवळ समांतर येतात आणि नाभीपाशी एकत्र होतात हे पुस्तकातलं वाक्य सर नंतर फळ्यावर लिहायचे. तोवर मुलांना ते समजलेलं असायचं, आणि शाबासकी अर्थातच फळ्याला मिळायची.

आरशांचे डबे पाच होते. पाचही डब्यांवर छापलेलं होतं: नाभीय अंतर पंधरा सेंटिमीटर. त्यातल्या तीन नंबरच्या डब्यातला आरसा लबाड होता. त्याचा माड पंधरावर कधी उतरलाच नाही. साडेसतराला उतरायचा. बाबलीने नोकरीच्या पहिल्याच वर्षी दहादा मोजून बघितलं आणि गुरुप्रसाद सरांना सांगितलं. सर तेव्हा नवीन होते, विज्ञानाचे एकटे शिक्षक, शर्टाची इस्त्री कधी मोडायची नाही. त्यांनी विचारलं, डब्यावर काय लिहिलंय? बाबली म्हणाला, पंधरा. सर म्हणाले, मग पंधरा.

तो डबा बाद करायचा तर वरून परवानगी हवी, त्याला अर्ज हवा, अर्जावर सरांची सही हवी. सरांना सही करायला हात दुखत होता. त्यामुळे बाबलीने स्वतःपुरता तोडगा काढला. प्रात्यक्षिक परीक्षेत ज्याच्या वाट्याला तीन नंबर येईल त्याच्या कानाशी जाऊन तो हळूच म्हणायचा, पंधरा लिव. पोरं हुशार. ती तीन निरीक्षणं लिहायची: चौदा पॉइंट नऊ, पंधरा पॉइंट एक, पंधरा. सरासरी पंधरा. आधी उत्तर, मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं. सर लाल पेनाने बरोबरची खूण करायचे. किती पिढ्या अशा पास झाल्या कोण जाणे, आणि यात आपण काही वाईट करतो असं बाबलीला कधी वाटलं नाही. पोरांचं नुकसान टळतंय असंच त्याला वाटायचं.

ओवी त्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुगंधाची मुलगी. बापाची सावली लहानपणीच हरपलेली. आई चुलीपाशी असेपर्यंत ही प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून गृहपाठ करायची, म्हणून बाबलीच्या अंगाखांद्यावरच वाढली म्हणा. नववीच्या प्रात्यक्षिकाला नेमका तिच्या वाट्याला तीन नंबरचा डबा आला. बाबली नेहमीसारखा जवळ गेला आणि पुटपुटला. तिने मान वर केली.

"पन हयसर साडेसतरा येता, काका."

तिने पाच वेळा मोजलं. पाचही वेळा साडेसतरा. तिने साडेसतरा लिहिलं. सरांनी त्याखाली लाल रेघ मारून 'निरीक्षणात चूक' असं लिहिलं आणि गुण कापले. वर्गात मोठ्याने विचारलंही, की पट्टी वाचता येते का. ओवीने सरांकडे बघितलं नाही, बाबलीकडे बघितलं. बाबली फडक्याने टेबल पुसत होता. टेबल स्वच्छच होतं.

शाळा सुटल्यावर ती खोलीत आली. तिने एवढंच विचारलं, की आरसा चुकला की मी. बाबलीने खरं ते सांगितलं, आरसा. मग सरांका सांगा मा, ती म्हणाली. सांगतंय गो, असं तो म्हणाला. तो सरांच्या दारापर्यंत गेलाही होता, पण सर जेवत होते, आणि दुसऱ्या दिवशी सर रागात होते, आणि तिसऱ्या दिवशी शनिवार होता. चांगल्या माणसाला न सांगायला कारणं कमी पडत नाहीत.

पोरगी मात्र हिकमती निघाली. बारावी झाली, डोळे तपासायचा कोर्स झाला, मालवणात चष्म्याच्या दुकानात लागली. पहिल्याच महिन्यात तिने बाबलीला दुकानात बसवून एकेक काच बदलत त्याचे डोळे तपासले आणि चष्मा करून दिला. तोवर तो बाजारात हाताला लागेल तो चष्मा लावून वाचत होता. नव्या चष्म्यातून त्याला प्रयोगशाळेच्या खिडकीतला माड इतका स्पष्ट दिसला की तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला.

आता वळणाचं सांगायला हवं. खालच्या वाडीतून वर येणारी पाणंद जिथे डांबरी रस्त्याला मिळते, तिथे दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे गडगे, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणभिंती, आहेत. पाणंदीतून येणाऱ्याला रस्ता दिसत नाही, रस्त्यावरच्याला पाणंद दिसत नाही. पूर्वी रस्त्यावर बैलगाडी आणि दिवसाला दोन एसट्या, तेव्हा कोणाला फिकीर नव्हती. पण हल्ली पर्यटकांचे मोबाईल त्यांना धामापूरच्या तळ्याकडे त्याच रस्त्याने नेतात आणि पर्यटकाला गावात माणसं राहतात हे माहीत नसतं. एक गाय गेली, एका दूधवाल्याचा हात मोडला, तेव्हा पंचायतीने आरसा लावायचं ठरवलं आणि बंद पडलेल्या सलूनमधला चौकोनी सपाट आरसा आणून खांबाला टांगला.

त्यात समोरचा गडगा फार छान दिसायचा. एवढंच.

बाबलीने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं ते इथे. प्रयोगशाळेतला तळहाताएवढा बहिर्गोल आरसा खिशात घालून तो वळणावर गेला, सरपंच आणि चार माणसं जमवली आणि तो छोटा आरसा खांबापाशी धरला. त्या तळहातात अख्खा रस्ता मावला. वरच्या पिंपळापासून खालच्या मोरीपर्यंत. त्याने सांगितलं की फुगवटा बाहेर असलेला आरसाच इथे पाहिजे, त्याची प्रतिमा सुलट येते, लहान येते, आणि लहान येते म्हणूनच सगळं त्यात बसतं. पण लहान दिसतं म्हणून लांब आहे असं समजायचं नाही, गाडी दिसते त्यापेक्षा जवळच असते. सरपंच म्हणाले, बाबली, तू तर मास्तर निघालास. सगळे हसले, बाबलीही हसला, आणि त्या रात्री आनंदाने त्याला जेवण गेलं नाही.

गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने मोठा गोल आरसा दिला. नारळ गुरुप्रसाद सरांनी फोडला, कारण निवृत्त होऊन ते देवस्थान समितीचे अध्यक्ष झाले होते. खांबावर पाटी लागली, तिच्यावर मंडळाचं नाव, सरांचं नाव, सरपंचाचं नाव आणि पाटी रंगवणाऱ्याचंसुद्धा नाव होतं. बाबलीचं नव्हतं. त्याने ते मनावर घेतलं नाही, निदान तसं दाखवलं. महिनाभर तो सकाळ-संध्याकाळ वळणावर उभा राहून खालच्या वाडीतल्या पोरीबाळींना शिकवत होता: आरशात गाडी नखाएवढी दिसली तर जा, अंगठ्याएवढी दिसली तर थांब. ओवी रोज त्याच पाणंदीतून स्कूटरवरून मालवणला जायची. ती थांबायची, आरशाकडे बघायची, अंगठा वर करून बाबलीला दाखवायची आणि गाडी गेल्यावर निघायची.

गावच्या देवीची पालखी माघात एक दिवस पलीकडच्या वाडीत माहेरी जाते. पालखीच्या पुढे दिवटी धरून चालायचा मान परबांच्या घराकडे आहे, पाच पिढ्यांचा. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस लोकांना पाणी देणारा बाबली त्या एका दिवशी सोवळं नेसून, हातात पेटती दिवटी घेऊन सगळ्या गावाच्या पुढे चालतो, आणि त्याला ओलांडून सरपंचालाही पुढे जाता येत नाही. त्याला मिळालेलं सुख काय ते हेच. हे लक्षात ठेवलं नाही तर पुढचं कळणार नाही.

आरसा लागल्यानंतरच्या पहिल्या पालखीला देवीचे मानकरी बाबू वळणावर थबकले. आरशात पालखी अंगठ्याएवढी दिसत होती आणि कडेला जाता जाता वाकडी होत होती. देवीला आरशाने एवढीशी केली, असं ते म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांची म्हैस मेली. झालं. देवळात कौल लावला, देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं, आणि उजवी पाकळी पडली. ठरलं की पालखीच्या दिवशी आरसा लाल कापडाने झाकायचा. झाकायचा मानकऱ्यानेच आणि दुसऱ्या दिवशी नारळ ठेवून उघडायचाही मानकऱ्यानेच. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बाबलीने हळू आवाजात सांगून बघितलं की बहिर्गोल आरशात सगळंच लहान दिसतं, देवी काय आणि आपण काय. लोकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं.

एक वर्ष नीट गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी बाबूंनी सकाळी आरसा झाकला, पालखी माहेरी गेली आणि परत आली, आणि संध्याकाळी फोन आला की डोंबिवलीला बाबूंचा चुलत भाऊ वारला. सगळ्या भावकीला सुतक आलं, दहा दिवसांचं. सुतकात देवाच्या कापडाला हात कसा लावणार? आणि मान दुसऱ्याचा नाही, तर दुसरा कसा लावणार? आरसा लाल कापडाखाली राहिला.

बाबली दुसऱ्या दिवशी सरांकडे गेला. सर म्हणाले, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, माणसं काय आंधळी आहेत का, हॉर्न मारतील. चौथ्या दिवशी तो परत गेला. सर म्हणाले, तुला एवढी घाई असेल तर तू काढ, मात्र पुढे गावात काही झालं तर मला सांगायला येऊ नकोस. सहाव्या दिवशी दुपारी बाबली आंबे काढायचा बांबू घेऊन वळणावर गेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बांबूचं टोक कापडाच्या गाठीपर्यंत सहज पोचत होतं. एक झटका पुरला असता. त्याने बांबू वर केला, आणि त्याच्या डोळ्यासमोर पुढच्या माघातली पालखी आली, आणि तिच्यापुढे दिवटी घेतलेला दुसराच कोणीतरी दिसला. त्याने बांबू खांद्यावर टाकला आणि तो घरी आला. बायकोने विचारलं, बांबू घेऊन कुठे गेला होतात? माघात कुठले आंबे?

सातव्या दिवशी सकाळी साडेनऊला ओवी पाणंदीतून वर आली. तोंडावर थांबली, हॉर्न दिला, कान दिला आणि निघाली. वरून येणाऱ्या गाडीच्या काचा बंद होत्या आणि आत गाणी लागली होती. बाबली शाळेत होता, त्याला आवाज आला नाही, पण सुगंधा खिचडीचा डाव टाकून धावली तेव्हा तोही धावला. ओवीचा उजवा गुडघा गाडी आणि गडगा यांच्यामध्ये सापडला होता. ती शुद्धीवर होती. तिने बाबलीला बघितलं आणि वर, खांबाकडे बघितलं. लाल कापड वाऱ्यावर फडफडत होतं.

तिला गाडीत घालून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायला लोक निघाले. बाबली पैसे घ्यायला सुगंधाबरोबर तिच्या घरापर्यंत गेला, तिला तिथून गाडीत बसवून परत वळणावर आला, त्याला फार तर वीस मिनिटं लागली असतील. आरसा उघडा होता. ज्या कापडाला सात दिवस सुतक आडवं आलं, मान आडवा आला, देवीचा कौल आडवा आला, ते कापड वीस मिनिटांत कोणी काढलं हे आजतागायत कोणाला माहीत नाही. नारळसुद्धा ठेवला नव्हता.

अकरा वाजता पोलीस आले. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हवालदार पंचनामा लिहू लागला आणि सर त्याला शब्द पुरवू लागले. 'घटनास्थळी बहिर्गोल आरसा सुस्थितीत व उघडा आढळला.' बहिर्गोल हा शब्द सरांनी दोनदा उच्चारून दिला. मग त्यांनी हाक मारली, बाबली, जरा इकडे ये.

"पंच म्हणून तू सही कर," सर म्हणाले. "शाळेतला माणूस आहेस, आरसाही तुझ्याच हट्टाने लागला. आणि यात खोटं काय आहे? आरसा उघडा आहे की नाही, बघ. जे दिसतंय तेच लिहिलंय."

बाबलीने खिशातून चष्मा काढला, ओवीने करून दिलेला, आणि सगळा कागद शब्द न शब्द वाचला. मग सही केली.

महिन्याभराने ओवी घरी आली. पाय राहिला होता, पण गुडघा वाकत नव्हता आणि पुढेही वाकणार नव्हता. गावात तोवर नवीनच गोष्ट पसरली होती, की आरसा उघडा होता, बाईने बघितलंच नाही, मोबाईलवर बोलत असणार, हल्लीच्या पोरी. जे लोक सात दिवस त्या लाल कापडाखालून गेले होते तेच हे सांगत होते. सांगता सांगता त्यांना ते खरंही वाटायला लागलं होतं. गाडीवाल्याचंही तेच म्हणणं होतं, त्याला तर ते सोयीचंच. ओवी एकटी म्हणत होती की आरसा झाकलेला होता. पोलिसांनी परत जबाब घ्यायचे ठरवले आणि पहिलं नाव बाबलीचं निघालं.

आदल्या संध्याकाळी सुगंधा त्याच्या अंगणात आली. बसली नाही. ती म्हणाली, "चेडू म्हणता, काकांनी डोळ्यांनी बघलेला आसा. काका खोटा बोलूचे नाय. मी तिका सांगलंय, मी इचारून येतंय." बाबली म्हणाला, सांगतंय गो, जा तू. त्याला तेव्हा मनापासून वाटत होतं की आपण सांगणार. ती फाटकातून बाहेर पडते न पडते तोच सर आले. जबाबाचं नावही काढलं नाही. आंब्याच्या मोहोराची चौकशी केली, पेन्शनचे कागद कुठवर आले विचारलं, आणि उठता उठता म्हणाले की दिवटीचा मान परबांकडे आहे खरा, पण तसं लेखी कुठे काही नाही, समिती ठरवील तसं. मग चपला घालून गेले.

मालवणच्या पोलीस ठाण्यात साहेब सभ्य होता. बाबलीला खुर्ची दिली. बाहेरच्या बाकावर सुगंधा बसली होती, दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू येत होतं. साहेबाने सरळ विचारलं, अपघात झाला त्या वेळी आरसा झाकलेला होता की उघडा? बाबलीने टेबलाकडे बघितलं. पुढ्यात छापील कागद होता आणि उत्तराची जागा कोरी होती. तसली कोरी जागा त्याने आयुष्यभर बघितली होती. तिथे काय लिहायचं ते आधीच ठरलेलं असतं.

"उघडा होता, साहेब," तो शुद्ध मराठीत म्हणाला.

तो बाहेर आला तेव्हा सुगंधाने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि ती एकटीच स्टँडकडे चालत गेली. दोघांची एसटी एकच होती. तो पुढच्या एसटीने आला.

चूक ओवीची ठरली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं, ते तिला जमेना, नोकरी सुटली.  बाबलीची बायको मथुरा पाचव्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, तुमची दिवटी तुमका लखलाभ. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, पण सुगंधाच्या घरी ती जाऊन बसायची, आणि बाबलीला घरात शिरताना दोघी-तिघी बायकांचं बोलणं थांबल्याचं कळायचं. तो निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी सर पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी भाषणात सांगितलं की बाबलीसारखी प्रामाणिक माणसं आता मिळत नाहीत. शाल दिली. बाबलीने ती शाल घरी नेली नाही, प्रयोगशाळेच्या कपाटात तीन नंबरच्या डब्यावर ठेवून दिली आणि किल्ली टेबलावर ठेवून तो निघाला.

परत माघ आला. आता पंचाईत अशी, की आरसा झाकायचा तर आरसा झाकायची पद्धत आहे हे उघड होणार, आणि केस अजून पुरती मिटली नव्हती. समितीने देवीला पुन्हा कौल लावला. देवी मोठी समजूतदार. पहिल्याच गाऱ्हाण्याला पाकळी पडली: आरसा उघडा ठेवला तरी चालेल. बाबूही काही बोलले नाहीत. म्हैस वगैरे कोणाला आठवली नाही.

बाबली सोवळं नेसला. दिवटी पेटवली. ढोल वाजायला लागले, पालखी उठली, आणि तो सगळ्या गावाच्या पुढे चालायला लागला. दर वर्षी पहिल्या पावलाला त्याच्या अंगावर काटा यायचा, तो या वर्षी आला नाही. वळण आलं. खालच्या वाडीतल्या बायका ओट्या भरायला पाणंदीच्या तोंडाशी उभ्या असतात, म्हणून पालखी तिथे थांबते. बाबलीने वर आरशात बघितलं. पालखी अंगठ्याएवढी होती, ढोलवाले, सर, बाबू, सगळे नखाएवढे, आणि सगळ्यांच्या पुढे तसाच नखाएवढा एक म्हातारा हातात ठिणगी धरून उभा होता. सगळे सुलट, नीटनेटके उभे होते. त्याला भयंकर लाज वाटली.

खाली बघितलं तर समोर ओवी. काठी टेकून, एक पाय ताठ, हातात नारळ. वर्षभर तो तिच्या समोर आला नव्हता. तिने नारळ ताटात ठेवला आणि ती पुढे झाली, अगदी दिवटीजवळ. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"काका, पंधराच लिवलास मा?" तिने विचारलं.

ढोल वाजत होते. सर चार पावलांवर होते. बाबलीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते दिवटीच्या धुराचं आहे असं कोणालाही वाटलं असतं.

"साडेसतरा होता गो," तो म्हणाला. "साडेसतराच होता."

"ता माका म्हायत आसा. माका नाय, तेंका सांगा." तिने काठीने मागे दाखवलं, पालखीकडे, सरांकडे, सगळ्या गावाकडे. "आता सांगा. सगळे हयसर आसत."

बाबलीने मागे वळून बघितलं. ओट्या भरून झाल्या होत्या. भोयांनी पालखी पुन्हा खांद्यावर घेतली, बाबूंनी हात वर केला, आणि सर म्हणाले, बाबली, चल. त्याने तोंड उघडलं होतं. मग ते मिटलं, आणि तो चालायला लागला, कारण मागून पालखी येत होती आणि दिवटीवाल्याला वाटेत थांबता येत नाही.